सायकलीचा दिवा : पाहण्यासाठीं कीं दिसण्यासाठीं?

उत्तर युरोपांतील हिवाळा हा जसा थंडीचा, तसाच अंधाराचाहि ऋतु आहे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यामुंबईकडे सूर्य सायंकाळीं सहाच्या सुमारास मावळतो. लंडनमध्यें तो चार वाजण्यापूर्वींच अस्तास जातो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजून गेल्याखेरीज वर येत नाहीं. कारखान्यांतील कामगार, कचेरींतील कारकून, दुकानांतील पोऱ्या, सर्वांचें जाणें अंधारांत आणि येणेंहि अंधारांत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडमधील या माणसांचें वाहन म्हणजे बहुधा सायकलच असे. महाराष्ट्रांत पावसाळ्यापूर्वीं घरावरचीं कौलें चाळून घेतात, त्याचप्रमाणें तिकडे हिवाळा जवळ आला कीं जुन्या सायकलीचा दिवा पुसून, तपासून, ऐपत असल्यास पहिल्याहून चांगला बसवून घ्यावा लागे. ही चैन नव्हती. पोटासाठीं ज्याला रोज अंधारांतून जावयाचें, त्याची ती निकड होती.

या लहानशा दिव्याचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांत दोन धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. पहिला धागा शास्त्राचा. वाऱ्यापावसांत, खाचखळग्यांत, हालत्या वाहनावर उजेड टिकवावा कसा, हा त्यांतील प्रश्न. दुसरा धागा न्यायाचा. अंधारांत अपघात झाला तर दोष कोणाचा? ज्याच्याजवळ पुरेसा उजेड नव्हता त्याचा, कीं ज्यानें समोर पाहिलें नाहीं त्याचा? पहिल्या प्रश्नाचें उत्तर कारागिरांनीं आणि शास्त्रज्ञांनीं दिलें. दुसऱ्याचें उत्तर शोधतां शोधतां कायदेमंडळाला आणि सायकलस्वारांच्या संस्थांना जवळजवळ साठ वर्षें झगडावें लागलें. आणि तें उत्तर पुरतें मिळालें असें आजहि म्हणवत नाहीं.

१८७० नंतरच्या दशकांत जी सायकल प्रचारांत आली, तिचें पुढचें चाक माणसाच्या छातीइतकें उंच आणि मागचें अगदींच लहान असे. स्वार इतक्या उंचीवर बसे कीं हातापाशीं लावलेल्या दिव्याचा क्षीण उजेड खालच्या रस्त्यापर्यंत पोंचणें कठीण. यावर कारागिरांनीं एक चतुर युक्ति काढली. दिवा चाकाच्या आंतच, आऱ्यांच्या मधोमध, आंसाला टांगावयाचा! चाक भोंवतीं फिरत राही आणि दिवा आपल्याच वजनानें सरळ लोंबत राही. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस या गृहस्थानें १८८० च्या सुमारास असा दिवा ‘किंग ऑफ द रोड’, म्हणजे ‘रस्त्याचा राजा’, या नांवानें बाजारांत आणला. हाच ल्यूकस पूर्वीं हातगाडीवर दिव्याचें तेल घेऊन गल्लोगल्लीं विकीत असे. १९०२ मध्यें तो वारला, तेव्हां त्याची पेढी दिव्यांच्या धंद्यांत अग्रेसर झाली होती.

राजा हें नांव मोठें असलें तरी त्याचा प्रकाश मात्र रंकाचाच होता. आंत तेलाची टाकी, एक वात, पुढें भिंग आणि धूर जाण्यासाठीं वर एक लहानसें धुराडें, एवढाच त्याचा संसार. खड्ड्यांतून चाक गेलें कीं ज्योत विझे. वारा सुटला कीं विझे. वात जास्त वर काढली कीं काच काजळून जाई. मग बोटें गारठलेलीं असतांना स्वारानें खालीं उतरून आडोसा शोधावा आणि काडीमागून काडी ओढीत बसावें. अशा दिव्यानें रस्ता दिसत नसे. ‘येथें कोणी तरी येत आहे’ एवढी वर्दी मात्र तो समोरच्यास देई.

कायद्यालाहि त्या काळीं एवढीच वर्दी हवी होती. सायकल हें वाहन आहे कीं नाहीं, येथूनच आरंभीं वाद होता. १८७९ मध्यें इंग्लंडांतील न्यायालयानें एका खटल्यांत, बेफाम हांकण्याच्या गुन्ह्यापुरती सायकल ही गाडीच होय, असा निर्णय दिला. पुढें १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यांत ८५ वें कलम घालून सायकलींना सर्वत्र गाड्यांच्या वर्गांत बसविण्यांत आलें. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वीं एक तासापर्यंत, ज्या दिशेनें स्वार जात असेल त्या दिशेस उजेड पडेल असा दिवा त्यानें बाळगलाच पाहिजे, असें त्या कलमानें ठरविलें. मागें दिवा असावा असें मात्र त्यांत एका शब्दानेंहि म्हटलेलें नव्हतें.

ही उणीव नजरचुकीची नव्हती. १८८८ सालचा रस्ता डोळ्यांपुढें आणला म्हणजे तिचें मर्म ध्यानांत येतें. त्या वेळीं यंत्रानें चालणाऱ्या गाड्यांना १८६५ च्या कायद्यानें गांवाबाहेर ताशीं ४ मैल आणि गांवांत ताशीं २ मैल एवढीच मुभा होती, आणि ती मर्यादा १८९६ पर्यंत उठली नाहीं. बाकीचीं वाहनें घोड्यांचीं. अशा रस्त्यावर सर्वांत वेगवान् कोण, तर सायकलस्वारच! त्याच वर्षीं बेलफास्टमध्यें जॉन बॉइड डनलप यानें हवेचें टायर तयार केलें आणि सायकलीचा वेग आणखी वाढला. सायकलस्वाराला मागून कोणी गांठील ही भीतिच नव्हती; भीति होती ती त्याच्यापासून पायीं चालणाऱ्याला. म्हणून पुढचा दिवा हें वेगवानानें संथ माणसाला दिलेलें अभिवचन होतें. कायद्यानें ओझें घातलें होतें तें वेगवानावर. हा मुद्दा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कारण पुढें अर्ध्या शतकाच्या आंत हें ओझें हळूहळू दुसऱ्या खांद्यावर सरकलें.

मध्यंतरीं दिव्यानें मोठी मजल मारली. १८९२ मध्यें उत्तर कॅरोलायनांतील स्प्रे या गांवीं टॉमस विल्सन हा कॅनडाचा संशोधक विजेच्या भट्टीच्या साह्यानें स्वस्त अल्युमिनिअम मिळविण्याच्या खटपटींत होता. चुना आणि डांबर भट्टींत तापवून त्याला जो ठिसूळ, काळपट पदार्थ मिळाला, तो पाण्यांत टाकतांच त्यांतून ज्वालाग्राही वायु निघूं लागला. तो पदार्थ म्हणजे कॅल्शिअम कार्बाइड आणि तो वायु म्हणजे असेटिलीन. त्याच वर्षीं पॅरिसमध्यें आंरी म्वासां या रसायनशास्त्रज्ञासहि स्वतंत्रपणें कार्बाइड मिळालें. असेटिलीन वायु तर १८३६ पासूनच ज्ञात होता. पण तो हव्या त्या ठिकाणीं, मूठभर खड्यांतून आणि घोटभर पाण्यांतून निर्माण करतां येईल ही सोय नवी होती. थोड्याच वर्षांत सायकलींसाठीं कार्बाइडचे दिवे निघाले.

या दिव्याची रचना साधी, पण मार्मिक असे. वरच्या कप्प्यांत पाणी, खालच्यांत कार्बाइडचे खडे. वरचा स्क्रू किंचित् सैल केला कीं पाण्याचा थेंब थेंब खालीं ठिबके, वायु तयार होई आणि बारीक नळीनें ज्वालकाकडे जाई. तेथें वायूच्या दोन धारा एकमेकींवर आदळून पंख्याच्या आकाराची पांढरीशुभ्र ज्योत उठे. सायकलस्वाराला रात्रीचा रस्ता खऱ्या अर्थानें प्रथम दिसला तो या दिव्यानें. तेलाच्या वातीशीं या ज्योतीची तुलनाच नव्हती.

परंतु प्रत्येक सुधारणेबरोबर तिची स्वतंत्र कटकट येतेच. पाणी बंद केल्यावरहि आंत ओल असेपर्यंत वायु निघत राही. प्रत्येक फेरीनंतर खालचा कप्पा उघडून भिजलेल्या चुन्याचा चिखल खरवडून काढावा लागे. वास तर असाच कीं दिवा माजघरांत ठेवण्याची सोय नाहीं. आणि सर्वांत मोठी अडचण नेमकी हिवाळ्याची: कडाक्याच्या थंडींत दिव्यांतील पाणीच गोठे! ज्या रात्रीं उजेडाची गरज अधिक, त्याच रात्रीं दिवा दगा देई.

विजेनें या दोन्ही विवंचना दूर केल्या, पण तिसरी उभी केली. सुक्या बॅटरीचा दिवा बटण दाबतांच लागे. मात्र बॅटरी महाग पडे, लवकर उतरे, आणि थंडी पडली कीं तिचा जोर आणखी कमी होई. रोज दोन वेळां अंधारांतून जाणाऱ्या कामगाराला तो खर्च जड जाई. मग चाकाकडूनच वीज कां घेऊं नये? तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविल्यास तारेंत विद्युत् प्रवाह निर्माण होतो, हें मायकेल फॅरडेनें १८३१ मध्यें दाखविलेंच होतें. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९२३ मध्यें सायकलीसाठीं डायनॅमोचा दिवा बाजारांत आणला. बाटलीच्या आकाराचा हा डायनॅमो टायरच्या बाजूस टेकवला कीं त्याची चकती चाकाबरोबर फिरूं लागे आणि दिवा पेटे. तेल नको, पाणी नको, बॅटरी नको. किंमत मोजावयाची ती पायांच्या श्रमानें.

याहि योजनेंत दोन दोष राहिले. पाऊस वा बर्फ यांनीं टायर ओलें झालें कीं चकती घसरे आणि दिवा मिणमिणूं लागे. दुसरा दोष अधिक धोक्याचा: सायकल थांबली कीं दिवाहि विझे. चौकांत वळण्यासाठीं रस्त्याच्या मध्यभागीं थांबलेला स्वार ऐन वेळीं काळोखांत गडप होई.

पहिल्या दोषावर नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीनें १९३६ च्या सुमारास तोड काढली. रॅले सायकलींच्या कारखान्याशीं संलग्न असलेल्या या कंपनीनें डायनॅमो थेट चाकाच्या तुंब्यांतच बसविला आणि त्याला ‘डायनोहब’ हें नांव दिलें. वीस ध्रुवांचें एक वर्तुळाकार लोहचुंबक चाकाबरोबर फिरे आणि आंतील तारेचें वेटोळें आंसाशीं स्थिर राही. घांसणारा भाग नसल्यानें घसरण्याचा प्रश्नच उरला नाहीं. पहिला नमुना १२ व्होल्टांचा होता, मग ८ व्होल्टांचा झाला, आणि शेवटीं ६ व्होल्टांचा, सुमारें २ वॅट वीज देणारा नमुना स्थिर झाला. १९८४ पर्यंत हे डायनोहब तयार होत होते. थांबल्यावर दिवा विझूं नये म्हणून कंपनीनें बॅटऱ्यांची एक नळीहि सायकलीच्या सांगाड्यावर बसविण्यास दिली. वेग मंदावतांच दिवा आपोआप त्या बॅटऱ्यांवर चाले.

दिवा असा सुधारत असतांना रस्ताहि बदलला होता. आतां सर्वांत वेगवान् वाहन मोटार होती आणि धोका मागून येत होता. १९२७ च्या कायद्यानें सायकलीच्या मागें तांबडा दिवा किंवा निदान तांबडी परावर्तक काच लावण्याची सक्ति केली. या प्रश्नावर सायकलस्वारांच्या संस्थांनीं, विशेषतः १८७८ मध्यें स्थापन झालेल्या सायकलिस्ट्स टूरिंग क्लबनें, वर्षानुवर्षें झुंज दिली. मागच्या दिव्याची सक्ति नको, असें त्यांचें म्हणणें होतें. वरवर पाहतां हा हट्ट विचित्र वाटतो. आपल्याच जिवाच्या रक्षणाला कोण विरोध करील?

त्यांचा युक्तिवाद मात्र विचार करण्यासारखा होता. मागून येणाऱ्यानें आपल्या दिव्यांच्या उजेडांत जेवढें दिसतें तेवढ्या अंतरांत थांबतां येईल इतक्याच वेगानें जावें, हा रस्त्याचा मूळ धर्म. रस्त्यांत पायीं जाणारा माणूस असतो, गुरें असतात, पडलेलें झाड असतें. त्यांच्या पाठीला तांबडा दिवा कोठून असणार? सायकलस्वाराला दिवा सक्तीचा केला, तर मोटार हांकणारा तांबड्या ठिपक्यावर विसंबून वेग वाढवील. आणि एखाद्याचा दिवा नकळत विझला असतां, ‘दिवा नव्हता, मी काय करूं?’ असें म्हणून मोकळा होईल. मागचा दिवा विझला हें स्वाराला पुढें पाहतां पाहतां कळणार तरी कसें? थोडक्यांत, वेगवानावरचें ओझें संथ माणसावर लादलें जात आहे, अशी ही तक्रार होती. ती अगदींच निराधार नव्हती. १९३० च्या कायद्यानें खासगी मोटारींवरील वेगमर्यादाच काढून टाकली होती. १९३५ मध्यें वस्तीच्या भागापुरती ताशीं ३० मैलांची मर्यादा पुन्हा घालावी लागली.

विरुद्ध बाजूचें म्हणणेंहि तितकेंच सरळ होतें. तत्त्व कितीहि शुद्ध असलें तरी रात्रीं पावसांत, धुरकट काचेंतून, समोरून येणाऱ्या दिव्यांनीं डोळे दिपले असतां काळ्या कोटांतील सायकलस्वार दिसत नाहीं. अपघातानंतर न्याय त्याच्या बाजूनें लागला तरी गेलेला जीव परत येत नाहीं.

या वादाचा निकाल अखेर युद्धानें लावला. १ सप्टेंबर १९३९ रोजीं ब्रिटनमध्यें काळोखाचा हुकूम जारी झाला. रस्त्यांवरील दिवे मालवले गेले. मोटारींच्या दिव्यांवर झापडें चढलीं आणि सायकलींचे दिवेहि मंद करावे लागले. अशा काळोखांत मागच्या तांबड्या दिव्याची सक्ति आली. पेट्रोलचें नियंत्रण असून, मोटारी कमी झाल्या असूनहि, १९४१ या एका वर्षांत ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पादचारी, स्वार, हांकणारे, सर्व त्यांत आले. त्या देशांत अशी गणना सुरू झाल्यापासूनचा हा सर्वांत मोठा आंकडा आहे. दिसणें आणि न दिसणें यांत किती अंतर आहे, हें त्या आंकड्यानें जितकें सांगितलें तितकें कोणत्याहि वक्त्यानें सांगितलें नसेल. युद्ध संपत असतां १९४५ मध्यें मागच्या दिव्याची सक्ति कायमची झाली.

हा सर्व इतिहास दूरचा असला तरी महाराष्ट्राला परका नाहीं. इंग्लंडांत घडलेल्या सायकली आणि दिवे येथें येत असत आणि पुणें तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. हॅंडलपुढें लटकणारा घासलेटचा दिवा, तो विझल्याचें लक्षांत न येतां चौकांत पोलिसानें घातलेला हात आणि भरावा लागलेला दंड, या गोष्टी अनेक घरांत आजोबांच्या तोंडून ऐकावयास मिळतात. येथील रात्र इंग्लंडइतकी लांब नसली तरी जो प्रश्न तेथें होता तोच येथेंहि होता: दिव्याचा खर्च ज्याला परवडत नाहीं, त्याच्याच गळ्यांत दंड पडे.

आतां आजची गोष्ट. जुन्या डायनोहबची सायकल माळ्यावरून काढली, तर तिच्यांतून अजूनहि सुमारें २ वॅटच वीज मिळते. जुन्या बल्बांत तिचा फार थोडा अंश उजेडाच्या रूपानें बाहेर पडे. उरलेली सारी वीज तार तापविण्यांत खर्ची पडे. एका वॅटमागें जेमतेम दहा-बारा ल्यूमेन प्रकाश मिळे. १९५९ मध्यें पेटंट झालेल्या हॅलोजन दिव्यानें हें प्रमाण कांहींसें सुधारलें. खरी क्रांति झाली ती एल. ई. डी. दिव्यानें. निक होलोन्याक यानें १९६२ मध्यें तांबड्या प्रकाशाचा एल. ई. डी. सिद्ध केला, जपानच्या शूजी नाकामुरा यानें १९९३ मध्यें तेजस्वी निळा एल. ई. डी. तयार केला, आणि त्यांतूनच १९९६ च्या सुमारास पांढरा दिवा बाजारांत आला. निळ्या एल. ई. डी. च्या शोधाबद्दल २०१४ चें नोबेल पारितोषिक अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांस मिळालें. चांगला एल. ई. डी. आज एका वॅटमागें शंभराहून अधिक ल्यूमेन प्रकाश देतो. म्हणजे तेच चाक, तेच पाय, तेवढेच श्रम. पण उजेड कितीतरी पट.

जुन्या सायकलीवर असा दिवा बसवितांना थोडी सावधगिरी मात्र हवी. डायनोहबची वीज दिशा बदलणारी असते, तर एल. ई. डी. ला एकाच दिशेचा प्रवाह लागतो. म्हणून मध्यें चार डायोडांची जोडणी करावी लागते. तिच्यापुढें विद्युत् सांठविणारा कॅपॅसिटर जोडल्यास सायकल थांबल्यावरहि दिवा कांहीं वेळ जळत राहतो. चौकांतला जुना दोष अशा रीतीनें बॅटरीवांचून दूर होतो. परतीचा प्रवाह सांगाड्यांतून न नेतां दोन स्वतंत्र तारा टाकणें श्रेयस्कर. कारण हिवाळ्यांतील ओलीनें गंज चढला कीं सांगाड्याचा जोड तुटतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, डायनोहब उघडून चुंबकाच्या कड्यांतून आंतील वेटोळें बाहेर काढूं नये. काढणें भागच पडलें तर त्याच क्षणीं त्याच्या जागीं लोखंडी कडें सरकवावें. एरवीं चुंबकाची शक्ति कायमची घटते आणि पुढें कितीहि पायडल मारलें तरी दिवा मंदच राहतो.

उजेड असा स्वस्त आणि मुबलक झाल्यावर जुना प्रश्न पुन्हा नव्या रूपानें समोर येतो. पूर्वीं सायकलस्वाराचा दिवा दिसत नसे. आतां तो समोरच्याचे डोळे दिपवूं शकतो. म्हणून जर्मनीच्या नियमांप्रमाणें सायकलीच्या पुढच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूस कापलेला असावा लागतो; उजेड रस्त्यावर पडावा, येणाऱ्याच्या डोळ्यांत पडूं नये, हा त्यांतील हेतु. आज नवा दिवा बसविणाऱ्यानेंहि त्याचें तोंड किंचित् खालीं वळवावें. १८८८ च्या कायद्यामागील जी भावना, वेगवानानें संथाची काळजी घ्यावी ही, तीच या लहानशा नियमांत पुन्हा दिसते.

सायकलिस्ट्स टूरिंग क्लबची मंडळी १९४५ मध्यें हरलीं, आणि मागचा दिवा आला हें चांगलेंच झालें. त्यानें वांचलेल्या जिवांची मोजदाद करतां येणार नाहीं. पण त्यांनीं मांडलेला मुद्दा कायद्यानें खोडून काढलेला नाहीं, फक्त बाजूस ठेवलेला आहे. कारण रस्त्यावर आजहि पायीं चालणारा असतो, वाट चुकलेलें जनावर असतें, लहान मूल असतें, आणि त्यांच्या पाठीला दिवा नसतो. हिवाळ्याच्या तोंडावर जुन्या सायकलीला चांगला दिवा बसवावा तो अवश्य बसवावा. तो बसविल्यानें स्वाराचें कर्तव्य पुरें होतें. मागून येणाऱ्याचें कर्तव्य मात्र त्या दिव्यानें पुरें होत नाहीं. तें त्याच्या डोळ्यांनीं आणि त्याच्या वेगानेंच पुरें व्हावयाचें असतें.